निकाली आणि नुरा

कुस्तीच्या फडावरची सर्वांत जहरी शिवी आईबहिणीवरून नसते. ‘नुरा’ हा तो शब्द. दोघा पैलवानांनी आधीच संगनमत केलं, कुणी पडायचं किंवा बरोबरीत कसं सुटायचं ते ठरवून घेतलं, घाम येईपर्यंत वेळ काढला आणि इनाम वाटून घेतलं, की ती नुरा कुस्ती. शौकिनाला ती कळते. पट काढताना मानेची शीर खरोखर ताणली गेली की नुसताच चेहरा वेडावाकडा झाला, हे तो लांबून ओळखतो. मग हलगी चालू असली तरी फडातला जीव जातो आणि कडेला बसलेली म्हातारी माणसं धोतर झटकून उठायला लागतात.

नुराच्या विरुद्ध निकाली. निकाली कुस्तीत घड्याळ नसतं, गुण नसतात. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत दोघांची सुटका नाही.

पारंपरिक मल्लविद्या आज अस्सल उरली आहे का, आणि उरली असेल तर तिचा आता उपयोग काय, हा प्रश्न अलीकडे पुष्कळदा विचारला जातो. उत्तरं मात्र बाहेरच्या मापांनी दिली जातात. किती जुनी आहे, माती तांबडीच आहे का, लंगोटाऐवजी कॉस्च्युम आला का, वस्तादाच्या जागी कोच आला का. खरं तर ही विद्या आपली कसोटी आपल्याच बोलीत बाळगून आहे. शिक्षणाकडे, शिक्षकाकडे, सरावाकडे, सोहळ्याकडे बोट दाखवून तेवढंच विचारायचं : हे निकाली आहे की नुरा?

कोल्हापूरच्या तालमीत पहाटे शिरलं तर आधी वास येतो. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवलेलं असतं. म्हणूनच ती अंगाला मऊ लागते आणि खरचटलेलं चिघळू देत नाही, असं मानतात. रोज कुणीतरी फावड्याने ती खणून मोकळी करतो, आणि हे काम बहुधा नव्या पोराकडे असतं. लढायला मिळण्याआधी त्याला माती उकरायला मिळते. पाठ टेकायची ती जागा आधी स्वतःच्या हातांनी भुसभुशीत करायची. यात एक शिकवण आहे आणि ती कुणी तोंडाने सांगत नाही. मग जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणं, मल्लखांब आणि शेवटी लढत. भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. त्याच्या पायाला हात लावल्याशिवाय कुणी हौद्यात उतरत नाही.

हे सगळं अनादी काळापासून असंच चालत आलं असेल, असं पाहणाऱ्याला वाटतं. परंपरेच्या कैवाऱ्यांचं तर तसं म्हणणंच असतं. पण तालमीतले शब्द ऐकावेत. ‘तालीम’ हा शब्द अरबी. कुस्ती, पैलवान, जोर, पेच, खुराक हे फारसीतून आलेले. ज्याला आपण वस्ताद म्हणतो तो फारसीतला उस्ताद. मारुतीच्या कोनाड्यासमोर जे काही घडतं त्यातल्या निम्म्या गोष्टींची नावं इराणच्या वाटेने आली आहेत. याचा अर्थ ही विद्या बाहेरून आली असा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मल्लांचा आहार, व्यायाम आणि झुंजी यांचं सविस्तर वर्णन आहे. म्हणजे इथे मल्लविद्या होतीच. पुढच्या काळात तिच्यात इराणी-तुर्की पैलवानकी मिसळली आणि त्या मिश्रणाला तालीम हे नाव पडलं. शुद्ध मूळ शोधत मागे जाणाऱ्याच्या हाती दर टप्प्यावर मिश्रणच लागतं, जसं हौद्याच्या मातीत हात घातला तर नुसती माती कधी लागत नाही.

बडोद्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. गायकवाडांच्या राज्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादाने तालीम चालवली. त्यांचे पट्टशिष्य राजरत्न माणिकराव यांनी त्याच गुरूच्या नावाने व्यायाममंदिर मोठं केलं, आणि ब्रह्मचर्याने राहून हयात त्यात घातली. कोल्हापुरातही तेच. शाहू महाराज १९०२ साली इंग्लंडला गेले तेव्हा वाटेत रोमचं भव्य जुनं क्रीडागार पाहून आले आणि तसं मैदान आपल्या गावात असावं असं त्यांच्या मनाने घेतलं. १९१२ साली खासबाग तयार झालं. तीसएक हजार माणूस कुठेही बसला तरी त्याला मधला हौदा दिसावा, अशी त्याची रचना. तिथे पहिली मोठी कुस्ती झाली ती गामा पैलवानाचा भाऊ इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. रोमची प्रेरणा, मराठ्यांचं राज्य, पंजाबी मुसलमान मल्ल आणि तांबडी माती. यात परकं काय आणि आपलं काय, याची वाटणी करायला बसणारा माणूस कुस्ती पाहायचीच विसरेल.

तेव्हा अस्सलपणा जुनेपणात नाही. मग तो मातीत आहे का?

याचं उत्तर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या एका मुलाने दिलं. खाशाबा जाधव १९२६ साली जन्मले. वडील पैलवान, त्यामुळे पहिला गुरू घरातच. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत आणि लढत असताना त्यांची निवड १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी झाली. तिथे त्यांच्या पायाखाली माती नव्हती, गादी होती. मातीत पाय रुततो, टाच धरते, धरलेला पट सहसा निसटत नाही. गादीवर सगळंच वेगवान. नियम वेगळे, गुण वेगळे. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, आणि कुस्तीतलं दुसरं २००८ साली आलं.

मातीचा सच्चेपणा मातीतच अडकलेला असता तर खाशाबा गादीवर उघडे पडले असते. तसं झालं नाही. ढाक हा डाव मातीवर बसतो तसा गादीवरही बसतो, कारण ढाक शिकताना समोरचा माणूस रोज खराखुरा विरोध करत होता. तालमीने त्यांना माती दिली त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे जोडीदाराचा नकार. मोठ्या तालमीत एकाच वजनाचे, एकाच उमेदीचे दहा पोरगे असतात आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, ‘मी पडणार नाही.’ या नकाराशी रोज झगडून जे उरतं ते खरं.

ही गोष्ट जपानमध्ये एका माणसाला फार स्पष्ट दिसली होती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या झुंजविद्येच्या जुन्या घराण्यांकडे हाड मोडणारे, डोळा फोडणारे, मर्मावर मारायचे पुष्कळ डाव होते. त्या डावांचा मोठा दरारा होता. पण ते पूर्ण जोराने कुणावर करून पाहता येत नसत, कारण शिष्य मेला असता. म्हणून सराव ठरवून व्हायचा : तू असा ये, मी असा हात धरतो, तू पड. कानोंनी घातक डाव मोकळ्या झटापटीतून बाजूला काढले. ते मोडीत नाही काढले, ठरावीक साच्यात बांधून ‘काता’ म्हणून जपले. उरलेल्या डावांवर मात्र मुलांना जीव तोडून झुंजू दिलं. १८८०च्या दशकात टोकियोच्या पोलिसांनी भरवलेल्या लढतींत या मुलांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांना भारी पडून दाखवलं. डाव कमी घातक झाले आणि विद्या जास्त खरी झाली.

कुस्तीला हे शहाणपण केव्हाचंच आहे. ठोसा नाही, लाथ नाही, बोट मुरगळायचं नाही. मारायचं नाही, फक्त पाठ लावायची. ही मर्यादा पाहून काही जण म्हणतात, रस्त्यावरच्या खऱ्या मारामारीत याचा काय उपयोग? पण मर्यादा आहे म्हणूनच तर पूर्ण ताकद लावता येते. आणि पूर्ण ताकद लावता येते म्हणूनच स्वतःबद्दल खोटं बोलायला जागा उरत नाही.

इथे एक कटू गोष्ट बोलावी लागेल. दांडपट्टा, लाठी, फरीगदगा, भाला असे मर्दानी खेळ कोल्हापूरच्या आखाड्यांनी मायेने जपले. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दहा वर्षांची पोर पट्टा फिरवते तेव्हा अंगावर काटा येतो आणि तो काटा खरा असतो. २०२४ साली राज्याने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेही योग्यच झालं. पण पट्ट्याचा डाव नकार देणाऱ्या माणसावर करून पाहता येत नाही. तो साचा आहे, काता आहे. त्यात स्मृती आहे, डौल आहे, मनगटाची असामान्य तयारी आहे. तेवढं म्हटलं तर ते शंभर टक्के अस्सल. मात्र ‘आमचा मावळा असाच लढत होता आणि हे शिकलात की कुणाशीही लढाल’ असं म्हटलं, की त्याच क्षणी ते नुरा होतं. दोन दिवसांच्या शिबिरात कॉलेजच्या मुलींना चार पकडी शिकवून ‘आता तुम्ही स्वतःचं रक्षण करू शकता’ असं प्रमाणपत्र वाटणारे तर याहून मोठा अपराध करतात. ज्या मुलीने एकदाही पूर्ण ताकदीने धरलेला हात सोडवून पाहिलेला नाही तिच्या मनात खोटा भरवसा घालणं हे धोक्याचं आहे, मग ते शिबिर कुठल्याही थोर नावाने भरवलेलं असो.

म्हणजे बनावटपणा बदलाने येत नाही. गादी आली, सहा मिनिटांच्या लढती आल्या, गुण आले, तरी कुस्ती बनावट झाली नाही. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे सांगण्यात खोट आली की ती बनावट. नावं टिकूनही आतलं पार बदलू शकतं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं आज फुटबॉलच्या संघांची म्हणून गाजतात. पेठेतला पोरगा ‘तालमीसाठी’ जीव टाकतो तो गोलपोस्टसमोर. यात फसवणूक नाही. ते फुटबॉल खेळतात आणि फुटबॉल खेळतो असंच सांगतात.

आता दुसरा प्रश्न : या बळाचं करायचं काय? तलवार गेली, राज्यं गेली. भाल्याला भाल्याने उत्तर द्यायची वेळ कुणावर येत नाही. पहाटे चारला उठून हजार जोर कशासाठी मारायचे?

तालमीचं उत्तर त्या कोनाड्यात आहे. बळाची देवता म्हणून या मातीने भीम निवडला नाही, बळीराम निवडला नाही. मारुती निवडला. समर्थ रामदासांनी १७व्या शतकात स्थापलेले अकरा मारुती आजच्या सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत आहेत, आणि हाच कुस्तीचाही मुलूख. मारुतीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्यातला एक तपशील तालमीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. लहानपणी त्याने ऋषींना त्रास दिला आणि शाप लागला : तुला तुझ्या बळाचा विसर पडेल, कुणी आठवण करून देईल तेव्हाच ते जागं होईल. समुद्रकाठी सगळे वानर हताश बसलेले असताना जांबवंताने आठवण दिली आणि मग उड्डाण झालं. ही केवढी विलक्षण कल्पना आहे! सर्वांत बलवान जो, त्याला आपलं बळ आठवत नाही. दुसऱ्याच्या कामासाठी, दुसऱ्याने सांगितल्यावर ते बाहेर येतं. स्वतःसाठी ते झोपलेलंच असतं. शापाच्या रूपात सांगितलेली ही शिस्त आहे, आणि बळ कमावणाऱ्या प्रत्येकाला ती लागते.

पैलवानाला ‘लंगोटाचा सच्चा’ म्हणतात त्याचा अर्थ केवळ ब्रह्मचर्यापुरता घेऊ नये. ज्याच्या हातात दुसऱ्याची मान मोडण्याची ताकद आहे आणि जो रोज सकाळी दहा माना धरून अलगद सोडतो, त्याच्यावर गावाने विश्वास टाकायला हरकत नाही, असं ते प्रमाणपत्र आहे. या विश्वासाची जागा रिकामी झाली की काय होतं, तेही आपण पाहतो. शहराच्या कडेला जमिनीचे भाव चढले तसे ताबे मारायला, वसुलीला, पुढाऱ्याच्या मागेपुढे चालायला दंडाची मागणी आली आणि तालमीतून काही दंड गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वाद झाला आणि एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली. पंचाचा निर्णय चुकला असेलही. पण ज्या दिवशी त्या मल्लाला वाटलं की बळ माझं आहे आणि ते मी माझ्यासाठी वापरणार, त्या दिवशी तो कितीही चांगला लढला असला तरी त्याची तालीम अर्धीच झाली होती. बदाम-थंडाईऐवजी सुईतून आलेला दंड हाही त्याच जातीचा. तो आरशाला फसवतो, आणि लढत लांबली की काही वेळा जोडीदारालाही फसवतो. ज्याने लावून घेतला त्याचं शरीर मात्र पुढे सगळा हिशेब चुकता करून घेतं.

या विद्येचा आजचा उपयोग कुणी विचारला तर तो इथे आहे. माणसाला खोटा भ्रम न देता बळ देणं, आणि ते बळ दुसऱ्याच्या देहाची काळजी घेत वापरायला शिकवणं. पोरगा दिवसातून वीस वेळा पडतो. पाडणारा त्याचा शत्रू नसतो. दुपारी तोच त्याच्या ताटात भाकरी वाढतो, त्याचं अंग रगडून देतो. ‘मी हरलो आणि तरी मी आहे’ हे पुस्तकातून शिकवता येत नाही. बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. डाव, पेच, मल्लखांब यांची त्याच्याइतकी दौलत दुसऱ्या कुठल्या भाषेत क्वचित असेल. पण त्या खंडांनासुद्धा कुणाची पाठ लावता येत नाही. त्याला माणूस लागतो.

आणि त्या माणसांतून अर्धी माणसं आपण आजवर वगळली. हौद्यात बाईने पाय ठेवायचा नाही, कारण देव ब्रह्मचारी, हे कारण अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. सांगणारे मनापासून सांगतात. त्यांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचं कारण नाही, पण त्यांच्याच घरातला पुरावा त्यांच्यापुढे ठेवायला हवा. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांनी, ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म कुस्ती होता, ‘मल्लपुराण’ नावाचा ग्रंथ जपला. त्यात मल्लविद्या देतो तो कृष्ण, आणि मल्लांचं रक्षण करते ती निंबजा देवी. मल्लांच्या स्वतःच्या पुराणात आखाड्याची धनीण एक देवी आहे. तिच्या आखाड्यात बाईला बंदी कुणी घातली?

१९५४ च्या मे महिन्यात हमीदा बानू नावाची स्त्री बडोद्यात बाबा पैलवान या पुरुषाशी लढली आणि १ मिनिट ३४ सेकंदांत तिने त्याला हरवलं. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी ठरली : प्रतीक्षा बागडी, सांगली जिल्ह्याचीच लेक. मधली सत्तर वर्षं आपण परंपरा राखत होतो असं म्हणण्यात अर्थ नाही. त्या वर्षांत आपण बायकांच्या अख्ख्या पिढ्यांचा नकार ऐकून घ्यायलाच तयार नव्हतो, आणि नकार नाही तिथे निकाली कुस्ती होत नाही.

आता चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतील. रेवड्यांवरच्या कुस्तीपासून लाखाच्या इनामापर्यंत फड रंगतील. गावाची वर्गणी द्यायला हात खिशात घालाल तेव्हा यात्रा कमिटीला एवढं विचारा : यंदा मुलींच्या किती जोड्या लावल्यात? आणि त्या शेवटच्या मानाच्या कुस्तीआधी, फड भरलेला असताना लावल्यात, की दुपारच्या उन्हात, माणसं जेवायला गेल्यावर? उत्तर समाधानाचं मिळालं नाही, तर वर्गणी जरूर द्या, पण मुलींच्या दोन जोड्यांचं इनाम तुमच्या नावाने लावा, आणि त्या निकाली लावा.